ट्रॅक्टरचा न्याय कारला लावू नका

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की न्हावरे-चौफुला रस्त्याच्या कडेची धूळ चार-पाच महिने खाली बसत नाही. फडातून बाहेर पडणाऱ्या ट्रॉल्या चाकांबरोबर माती रस्त्यावर आणतात, मागून येणारी वाहनं ती दळून बारीक करतात. त्यात पेटवलेल्या पाचटाची काजळी, राहू-पारगाव-केडगाव भागातल्या गुऱ्हाळांच्या चिमण्यांची राख आणि वाड्यावस्त्यांच्या कच्च्या रस्त्यांचा मुरूम मिसळतो. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस आधीच कमी, त्यामुळे वर्षाचे आठ महिने हवेत काही ना काही तरंगत असतं. आपली गाडी ही सगळी हवा आत ओढते आणि तिच्यापासून इंजिनाला वाचवायला मध्ये एकच वस्तू असते, ती म्हणजे एअर फिल्टर.

अलीकडे हा फिल्टर बदलून त्याजागी तेल लावलेला, कापडी जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर बसवण्याची हौस खेड्यापाड्यात पोचली आहे. बहुतेक वेळा तो लाल रंगाचा असतो. गाडी जास्त ओढेल, ॲव्हरेज वाढेल आणि फिल्टरचा खर्च आयुष्यभरासाठी मिटेल, असं सांगून तो विकला जातो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: तुमच्या गाडीच्या हवेच्या वाटेत एअरफ्लो सेन्सर असेल आणि गाडी रोज आपल्या धुळीत चालत असेल, तर हा फिल्टर बसवू नका. बसवला असेल तर काढा आणि कंपनीचा कागदी फिल्टर परत लावा. कारणं पुढे देतो. ती पटली तरच ऐका.

या फिल्टरबद्दल गावात बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, आमच्या ट्रॅक्टरला पहिल्यापासून तेलाचाच फिल्टर आहे. वीस वर्षं झाली, इंजिनाला काही झालं नाही. मग कारला तेल का चालत नाही?" प्रश्न रास्त आहे आणि विचारणारा माणूस यंत्रं जाणणारा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

जुन्या ट्रॅक्टरच्या ऑईल बाथ फिल्टरमध्ये खाली एक वाटी असते आणि त्या वाटीत तेल. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलावर आपटते आणि एकदम वळून वर जाते. जड धूळ वळू शकत नाही, ती तेलात बुडते. उरलेली वरच्या तारेच्या जाळीत, तेलाच्या ओलाव्याला चिकटते. वाटीवर तेलाच्या पातळीची खूण असते. त्या खुणेच्या वर तेल भरू नये हे प्रत्येक जाणता चालक जाणतो, कारण जास्तीचं तेल हवेबरोबर इंजिनात ओढलं जातं. व्यवस्था उत्तम आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. पण त्या ट्रॅक्टरच्या हवेच्या वाटेत फिल्टरपासून इंजिनापर्यंत लोखंडी नळी आणि रबरी होज यांखेरीज काहीही नसतं. थोडं तेल वाफेसारखं पुढे गेलं, तर ते इंजिनात जळून जातं. डिझेल किती सोडायचं हे पंप यांत्रिक पद्धतीनं ठरवतो. आत किती हवा आली हे तो कुणाला विचारत नाही. जुनी कमांडर जीप किंवा पहिल्या पिढीतली डिझेल इंडिका यांचंही तेच.

कॉमन रेल डिझेल गाडीत मात्र फिल्टरच्या डब्याला लागूनच, हवेच्या वाटेच्या मधोमध, एक नाजूक वस्तू बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला मॅफ सेन्सर किंवा एअरफ्लो सेन्सर म्हणतात. इंजिनात दर सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली, हे ती गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते. डिझेल किती सोडायचं आणि धुराड्यातला किती वायू ईजीआर व्हॉल्व्हमधून परत आत घ्यायचा, हे त्या आकड्यावर ठरतं. आपल्या शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात, १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन वर्षानुवर्षं बनलं. त्याच जातीचं इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये, टाटांच्या व्हिस्टात, फियाटच्या पुंतो आणि लिनियात होतं. मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या गाड्या आजही दोन्ही तालुक्यांत गावोगाव फिरताना दिसतात. त्यांच्यात हा सेन्सर आहे. महिंद्राच्या एमहॉक इंजिनाच्या स्कॉर्पिओतही आहे.

हा सेन्सर एकदा हातात घेऊन बघण्यासारखा आहे. फिल्टरच्या डब्यानंतरच्या प्लॅस्टिकच्या नळीवर दोन छोटे स्क्रू असतात. ते काढले की बोटाएवढं प्लॅस्टिकचं अंग बाहेर येतं. त्याच्या टोकाशी एक अरुंद खाच असते आणि मोबाईलचा टॉर्च धरला की तिच्यात नखाएवढी चकचकीत पट्टी दिसते, किंवा जुन्या जातीचा असेल तर केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार. विजेनं ही तार किंवा पट्टी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम ठेवलेली असते. हवा तिच्यावरून गेली की ती थंड होते. तिला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला जास्त वीज लागते आणि ती किती जास्त लागली यावरून हवेचं मोजमाप होतं. सगळं काम त्या गरम पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर चालतं. बॉश कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गरम तारेचा हा प्रकार गाड्यांत आणला, तेव्हा तार मळणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून इंजिन बंद केल्यावर ती तार क्षणभर सुमारे १००० अंशांपर्यंत लाल करून मळ जाळून टाकण्याची सोय तिनं केली होती. पुढे आलेल्या पट्टीच्या सेन्सरमध्ये ही जाळण्याची सोय राहिली नाही. पट्टीची मांडणीच अशी केली की कोरडी धूळ तिच्यावर फारशी टिकू नये. कोरडी धूळ हा शब्द इथे महत्त्वाचा. तेलाचा विचार त्या मांडणीत नव्हता, कारण कंपनीचा फिल्टर कोरड्या कागदाचा होता.

आता त्या वाटेत तेल लावलेला फिल्टर आला. धुतल्यावर त्याला बेतानं तेल लावलं असेल, रात्रभर मुरू दिलं असेल, वरचं टिपून घेतलं असेल, तर फारसं काही होत नाही. पण आपल्याकडे ते कसं लावलं जातं? सर्व्हिस स्टेशनवर फिल्टर धुतात, अर्धवट वाळवतात, मोजमाप न करता तेल ओततात आणि त्याच तासाला गाडीत बसवून चावी हातात देतात. कंपनीच्या बाटलीतलं तेल संपलं असेल तर इंजिन ऑईल चालवून घेतात. पुणे-नगर रस्त्यावर गाडी वेगात गेली की हवेचा झोत ते जास्तीचं तेल बारीक थेंबांत उडवून पुढे नेतो आणि पुढचा पहिला मुक्काम सेन्सर असतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर तेल आणि धूळ मिळून जसा चिकट थर बसतो, तसाच थर त्या पट्टीवर बसतो. थर बसला की पट्टीला वारा लागायला हवा तसा लागत नाही. हवा भरपूर जात असते, सेन्सर मात्र कमी सांगतो. काही वेळा इंजिन आयडलला असताना उलटं होतं, प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतो.

कॉम्प्युटरला खोटा आकडा मिळाला की तो खोट्या आकड्यावर प्रामाणिकपणे निर्णय घेतो. डिझेल गाडीत हवा कमी आहे असं समजून, धूर होऊ नये म्हणून तो डिझेल कापतो. चालकाला एवढंच कळतं की गाडी ओढत नाही, ओव्हरटेकला दम धरते, दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. आकडा वरच्या बाजूला चुकला तर धूर वाढतो. पेट्रोल गाडीत आकडा कमी आला तर मिश्रण पातळ होतं, गाडी झटके देते, आयडल वरखाली होतो. मग चेक लाईट लागतो. स्कॅनर लावला की पी ०१०१ असा किंवा त्याच्या आसपासचा कोड येतो. तो कोड एअरफ्लो सेन्सरचा म्हणून मिस्त्री सेन्सर बदलायला सांगतो. मालक काही हजार रुपये मोजतो. गाडी नव्यासारखी पळते. पुढच्या सर्व्हिसिंगला फिल्टर पुन्हा धुतला जातो, पुन्हा तेल लागतं आणि काही महिन्यांत तीच तक्रार परत येते. या चक्रात अडकलेले गाडीमालक प्रत्येक मोठ्या गावात सापडतील. दोष सेन्सरचा, गाडीच्या कंपनीचा किंवा डिझेलमधल्या भेसळीचा असं त्यांना वाटत राहतं. फिल्टरकडे कुणी बघत नाही, कारण तो तर हौसेनं आणलेला, महागाचा आणि नुकताच धुतलेला असतो.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. पूर्वी आपल्याकडे टवेरा विकणाऱ्या जनरल मोटर्सनं अमेरिकेत २००४ साली आपल्या डीलरांना याबद्दल खास सूचनापत्र काढलं होतं. त्यात म्हटलं होतं की, गिअर नीट पडत नाहीत, इंजिन नीट चालत नाही किंवा चेक लाईट लागतो अशी तक्रार आली तर आधी गाडीत जास्त तेल लावलेला बाहेरचा फिल्टर आहे का ते पाहा, कारण त्याचं तेल एअरफ्लो सेन्सरवर बसतं. अशा नुकसानीची दुरुस्ती वॉरंटीत बसणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. गिअरचा उल्लेख पाहून नवल वाटेल, पण ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी पाडायचा याचा हिशोबही हवेच्या आकड्यावरून होतो. या फिल्टरांची सर्वांत प्रसिद्ध उत्पादक असलेली, मूळची कॅलिफोर्नियाची के अँड एन कंपनी हा आरोप मान्य करत नाही. योग्य प्रमाणात तेल लावलेल्या फिल्टरमधून तेल सुटत नाही, असं तिचं म्हणणं आहे. न्यायानं बोलायचं तर कारखान्यातून नवा आलेला, मोजून तेल लावलेला फिल्टर फारसा त्रास देत नाही हे मलाही पटतं. पण फिल्टर एकदाच नवा असतो. त्यानंतर त्याला तेल लावणारा हात कारखान्याचा नसतो, आणि आपली धूळ अशी की तो वारंवार धुवावा लागतो.

सेन्सरचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. त्याहून मोठं नुकसान धुळीचं आहे. ते दिसत नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलतो. फिल्टर किती धूळ अडवतो हे जगभर एका ठरलेल्या पद्धतीनं तपासलं जातं. तिचं नाव आयएसओ ५०११. त्यासाठी वापरायची धूळही ठरलेली असते आणि ती मूळची अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली. चांगला कागदी फिल्टर अशा चाचणीत ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरबद्दल के अँड एनचा स्वतःचा दावा ९६ ते ९९ टक्क्यांचा आहे. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. पण हिशोब अडवलेल्या धुळीचा करू नका, आत गेलेल्या धुळीचा करा. डब्यात १०० ग्रॅम धूळ आली तर ९९ टक्केवाला १ ग्रॅम आत सोडतो आणि ९७ टक्केवाला ३ ग्रॅम. म्हणजे तिप्पट. आपल्याकडची धूळ काळ्या दगडाची, मुरमाची आणि क्रशरची. सिलिंडरची भिंत बिडाची असते आणि तिच्यावर बारीक ओरखडे पाडण्याइतका कठीणपणा या धुळीत असतो. ती पिस्टनच्या रिंगांखाली सापडली की हळूहळू भिंत घासते. काही काळानंतर इंजिन तेल प्यायला लागतं आणि तेव्हा कुणालाही फिल्टर आठवत नाही.

इंजिन हवा किती खातं, याचाही अंदाज असावा. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. १.२ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण १८०० लिटर हवा ओढू शकतं. शिरूरहून पुण्याला जाऊन यायचं म्हटलं तरी हवेचा आकडा लाखाच्या घरात जातो. एवढ्या हवेतली धूळ एका पातळ पडद्यानं अडवायची असते.

आता ॲव्हरेजचं. "मोकळा फिल्टर, जास्त हवा, जास्त ॲव्हरेज" हे ऐकायला सरळ वाटतं, पण आजच्या गाडीला ते लागू पडत नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. फिल्टर तुंबला तरी इंधनाच्या खर्चात लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही. फक्त गाडी जोरात पळवताना वेग पकडायला वेळ लागला. फरक पडला तो जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत. कारण उघड आहे: हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. तुंबलेला फिल्टर जर ॲव्हरेज खात नसेल, तर स्वच्छ कागदी फिल्टर काढून त्याहून मोकळा लावल्यानं ॲव्हरेज कुठून वाढणार? शर्यतीत, इंजिन सतत पूर्ण जोरावर असताना, थोडा फायदा होत असेल. या फिल्टरांचा जन्मच तिकडचा, मोटरसायकलच्या शर्यतींमधला. तिथे इंजिन वारंवार उघडून बांधतात, ते दहा वर्षं टिकावं अशी कुणाची अपेक्षा नसते. दुधाच्या फेऱ्या मारणारी पिकअप किंवा कुटुंबाची डिझायर या गणितात बसत नाही.

"कायमस्वरूपी, म्हणून स्वस्त" हेही तपासून बघा. कागदी फिल्टर काही शे रुपयांना येतो. एक सेन्सर गेला तर त्या किमतीत वर्षानुवर्षांचे कागदी फिल्टर निघतात.

तुमच्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे की नाही, हे घरी ओळखता येतं. बॉनेट उघडा, फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणारी जाड नळी बघा. डब्याच्या तोंडाशीच तिच्यावर वायरचा कनेक्टर असेल आणि त्यात चार-पाच तारा असतील, तर तो बहुधा एअरफ्लो सेन्सर. दोनच तारा असतील तर तो बहुधा फक्त हवेचं तापमान सांगणारा. बऱ्याच लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत, वॅगनआरसारख्या, एअरफ्लो सेन्सर नसतो. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांना तेलाचा हा त्रास एवढा होत नाही. धुळीचा मात्र होतोच, म्हणून माझा सल्ला त्यांनाही तोच.

फिल्टर आधीच बसवलेला असेल तर एक साधी तपासणी करा. इंजिन बंद आणि थंड असताना डबा उघडा, फिल्टर काढा आणि पांढरा स्वच्छ रुमाल बोटाला गुंडाळून डब्याच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला फिरवा. रुमालावर लालसर किंवा तेलकट डाग आला तर फिल्टर तेल सोडतो आहे. बोटांत रवाळ लागलं तर तो धूळ सोडतो आहे. हे फक्त फिल्टर आणि सेन्सर यांच्यामधल्या भागात करायचं. सेन्सरच्या पुढे, टर्बोकडे जाणाऱ्या नळीत, इंजिनाच्या ब्रीदरचा पाईप येऊन मिळतो आणि तिथे थोडं तेल असतंच. ते पाहून फिल्टरवर किंवा टर्बोवर आळ घेऊ नका.

सेन्सर मळलेला दिसला तरी लगेच नवा घेऊ नका. एअरफ्लो सेन्सर साफ करण्याचा वेगळा स्प्रे मिळतो, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. गाडीची चावी बंद असताना कनेक्टर काढायचा, सेन्सर बाहेर घ्यायचा, थोड्या अंतरावरून स्प्रे मारायचा आणि आपोआप पूर्ण वाळू द्यायचा. पट्टीला बोट, कापड, कानकोरणीचा कापूस, ब्रश, काहीही लावायचं नाही. पेट्रोल, थिनर, कार्ब क्लीनर वापरायचं नाही. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही. टायरमध्ये हवा भरायच्या नळीनं सेन्सर फुंकून काढणं हा आपल्याकडच्या गॅरेजमधला जुना रिवाज आहे आणि चांगले सेन्सर त्यानं मेले आहेत. साफ करूनही स्कॅनरवर हवेचा आकडा इंजिनाच्या वेगाबरोबर नीट वाढत नसेल, तेव्हा नव्या सेन्सरचा विचार करावा. तोही नामांकित कंपनीचा, बिलासह. बाजारात बॉशच्या नावाची नक्कल भरपूर आहे, आणि नक्कल सेन्सर पहिल्या दिवसापासून चुकीचा आकडा देऊ शकतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण हातात बिल असेल तरच तक्रारीला वजन येतं.

कागदी फिल्टरचीही आपण कमी हेळसांड करत नाही. सर्व्हिस स्टेशनवर कॉम्प्रेसरची नळी जवळ धरून पूर्ण दाबानं फिल्टर फुंकतात. धूळ उडते, फिल्टर स्वच्छ दिसतो, पण कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. त्यापेक्षा तो हलक्या हातानं आपटून झटकलेला बरा, आणि हवा मारायचीच तर कमी दाबानं, लांबून, आतल्या बाजूनं बाहेर. एक गोष्ट अनेकांना पटत नाही ती अशी की, थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. म्हणून दर आठवड्याला तो उघडून झटकू नका. प्रत्येक वेळी डबा उघडताना थोडी धूळ आत सांडते आणि रबरी कडा नीट बसली नाही तर फिल्टर असून नसल्यासारखा होतो. गाडीच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी फिल्टर बदलण्याचं वेगळं, लवकरचं कोष्टक असतं. आपल्याला तेच लागू आहे, शहरातलं नाही. अनेक मोटरसायकलींत हल्ली चिकट द्रव्य लावलेला कागदी फिल्टर येतो. तो धुवायचा किंवा फुंकायचाही नसतो, सरळ बदलायचा असतो.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणखी एक. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना कडक प्रदूषण-निकष लागू झाले आणि त्यांच्यात कॉमन रेल इंजिनं आली, कॉम्प्युटर आला. अशा ट्रॅक्टरला तेलाची वाटी नसते, कोरडा कागदी फिल्टर असतो, एकात एक असे दोन. जुना अनुभव घेऊन त्याला तेल लावायला जाऊ नका.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत चूक जास्तच महाग पडते. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. हवेचा आकडा चुकून काजळी वाढली की तो वेळेआधी भरतो आणि त्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट असतो. गाडी वॉरंटीत असेल, तर बाहेरचा फिल्टर बसवून कंपनीच्या हाती नकाराचं कारण देऊ नका.

गॅरेज चालवणाऱ्या आपल्या मुलांनाही कळकळीची विनंती आहे. शिरूर, शिक्रापूर, यवत, पाटस, कुरकुंभ, कुठेही तुमचं दुकान असो, एअरफ्लोचा कोड आला की नवा सेन्सर मागवण्याआधी फिल्टरचा डबा उघडा आणि गाडीमालकाला शेजारी उभं करून आत काय आहे ते दाखवा. तेल लावलेला फिल्टर निघाला तर तसं बिलावर लिहा. एखादा म्हातारा शेतकरी "दादा, तुला बरं वाटेल ते कर" म्हणून चावी टेकवून जातो, तेव्हा त्याच्या खिशातून सेन्सरचे हजारो रुपये जायचे की कागदी फिल्टरचे काही शे, हे तुमच्या हातात असतं.

गाडीमालकांनी एवढं करावं: पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता, हंगामाची धूळ वाढण्याआधी, एकदा बॉनेट उघडून स्वतः फिल्टर पाहावा, आणि तो तेलकट असेल तर त्याच दिवशी कंपनीचा कागदी फिल्टर आणून बसवावा.